ढगातली दाखल नोंदवही

वयाच्या ६४व्या वर्षी मी एक जागा भाड्याने घेतली. भाडे दरमहा साडेचारशे रुपयांच्या आसपास. पागडी नाही, अनामत नाही, घरमालकाचे तोंड पाहायचा प्रसंग नाही. जागेला भिंती नव्हत्या, दार नव्हते, आणि ती नेमकी कुठे आहे हे मलाही बोट दाखवून सांगता आले नसते. घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवतीने एवढेच विचारले, "आणि तिथं राहणार कोण?"

"आपलं वाचनालय," मी म्हणालो.

सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या आणि फावल्या वेळात दोन-चार कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाने निवृत्तीनंतर काय करावे, याविषयी प्रत्येकाचे एक मत असते. कुणी सहली सुचवतात, कुणी विपश्यना. माझ्या वाट्याला वाचनालयाचे चिटणीसपद आले. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावातले हे वाचनालय शंभरी ओलांडलेले आहे. मी शाळकरी असताना ज्या बाकावर बसून पुस्तके वाचली, तो बाक अजून तिथेच आहे. फक्त आता त्याचा एक पाय विटेवर आहे.

जुलै २०२१मध्ये नदी गावात शिरली. वाचनालयाच्या तळमजल्यावर तिसऱ्या फळीपर्यंत पाणी आले. पाणी उतरल्यावर जे दृश्य दिसले त्याचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी फुगलेली, एकमेकांना चिकटलेली पुस्तके पाहिली आहेत त्यांना ते सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलेली नाहीत त्यांना न पाहणेच बरे. पण पुस्तकांपेक्षाही माझा जीव अडकला तो एका जाडजूड वहीत. ग्रंथालयाच्या भाषेत तिला दाखल नोंदवही म्हणतात. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला या वहीत एक क्रमांक मिळतो. तारीख, लेखक, नाव, किंमत, कुठून आले, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. आमच्या जुन्या ग्रंथपालांनी हा शेऱ्याचा रकाना फार प्रेमाने भरला होता. 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ', 'बदली झाल्यामुळे सप्रेम भेट', 'मुलगी मॅट्रिक झाल्याबद्दल'. गावाचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास त्या बोटभर रुंदीच्या रकान्यात होता. आता ती शाई पसरली होती आणि पाने भिजलेल्या पापडासारखी झाली होती. टीपकागद घालून, पंख्याखाली धरून आम्ही ती वही वाळवली. वाळल्यावर पाने ठिसूळ झाली.

आमच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "साहेब, हे पान आता एकदाच उलटेल. दुसऱ्यांदा उलटताना हातात तुकडे येतील."

त्या क्षणी मी ठरवले की ही वही संगणकात घालायची.

ढग जमिनीवरच असतो

संगणकाशी माझी ओळख जुनी, पण संबंध तणावाचे. मी १९८२ साली बँकेत लागलो. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयीचा अहवाल आला, आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचे यंत्र येऊन बसले. युनियनच्या सभेत त्या यंत्राविरुद्ध घोषणा देणारा मी, आणि चार वर्षांनी त्याच यंत्रावर तरुणांना शिकवणाराही मीच. पुढे काही वर्षे संगणक विभागातही काढली. त्यामुळे निवृत्तीनंतर पायथन नावाची भाषा शिकून वाचनालयासाठी एक छोटा कार्यक्रम लिहिणे, हे मला वाटले होते तितके अवघड गेले नाही. पुस्तकांची यादी, सभासदांची यादी, देवघेव, आणि शोधण्यासाठी एक चौकट. माझ्या लॅपटॉपवर तो झकास चालू लागला.

पुण्याला असणाऱ्या माझ्या भाच्याला मी मोठ्या अभिमानाने तो दाखवला. तो याच धंद्यातला. त्याने पाहिले आणि म्हणाला, "मामा, छान आहे. पण हे फक्त तुमच्या टेबलावर आहे. वाचनालयात बाईंना कसं दिसणार? सभासदांना घरून कसं दिसणार? हे सर्व्हरवर चढवायला हवं."

सर्व्हर म्हणजे कधीही बंद न होणारा, इंटरनेटला सतत जोडलेला संगणक. पूर्वी तो विकत घ्यावा लागे. त्याला थंड खोली, अखंड वीज आणि एक राखणदार लागे. ऑगस्ट २००६मध्ये ॲमेझॉन कंपनीने आपल्या प्रचंड संगणकांचा लहानसा वाटा तासाला दहा सेंट दराने भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि हा व्यवहारच बदलला. आज अशा कंपन्या पुष्कळ आहेत. एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक छोटी यंत्रे आहेत असे भासवायचे आणि प्रत्येक छोटे यंत्र वेगळ्या भाडेकरूला द्यायचे. चाळच म्हणा ना! प्रत्येकाची खोली वेगळी, पाण्याची टाकी एक. यालाच 'क्लाउड' असे काव्यमय नाव आहे. पण वाचकहो, या नावाला फसू नका. हा ढग जमिनीवरच असतो. कुठल्या तरी शहराच्या कडेला एक बिनखिडक्यांची इमारत असते, तिच्यात कपाटांच्या रांगा असतात, वातानुकूलन घोंघावत असते, आणि बाहेर डिझेलचे जनरेटर उभे असतात. माझी खोली मुंबईतल्या अशाच एका इमारतीत होती. एका गिगाबाइटची स्मृती, २५ गिगाबाइटची साठवण. आमच्या वाचनालयाला तेवढी ऐसपैस होती.

त्या खोलीत जे चालते त्याचे नाव लिनक्स. ऑगस्ट १९९१मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण केवळ हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले होते. आपल्याकडे तो उदारीकरणाचा उन्हाळा-पावसाळा. सोने गहाण टाकल्याच्या बातम्या ताज्या होत्या. तेव्हा फिनलंडमधल्या एका पोराच्या हौशीवर पुढे जगातले बहुतेक सर्व्हर चालतील असे कुणी सांगितले असते, तर आमच्या शाखेतल्या चहावाल्यानेही हसण्यावारी नेले असते. आणि गंमत म्हणजे, हे सारे फुकट. मी घेतलेला त्यातला उबुंटू हा अवतारही फुकट. ज्याने आयुष्यभर 'फुकट ते पौष्टिक नव्हे' असे कर्जदारांना सांगितले, त्याला हे पचवायला थोडा वेळ लागला.

कुलूप आणि किल्ली

भाड्याच्या यंत्राला पडदा नसतो, कळफलक नसतो. आपण आपल्या घरातून एका काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची. ती कित्येक किलोमीटरवर जाऊन पाळली जाते. या बोलण्याला एसएसएच म्हणतात. तेही हेलसिंकीचेच अपत्य. १९९५ साली तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकले, म्हणून टाटू इलोनेन या संशोधकाने ही गुप्त भाषणाची पद्धत तयार केली.

पासवर्ड मात्र वापरायचा नाही, असे भाच्याने बजावले. त्याऐवजी किल्ल्यांची जोडी. संगणकच ती घडवतो. एक खासगी, एक जाहीर. जाहीर किल्ली खरे तर किल्ली नाहीच, ते कुलूप आहे. ते सर्व्हरच्या दाराला लावायचे. खासगी किल्ली आपल्या लॅपटॉपच्या बाहेर जाता कामा नये, आणि तिलाही एक परवलीचे वाक्य घालून ठेवायचे. मला एकदम आमचा हेड कॅशियर आठवला. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या. एक त्याच्याकडे, एक अकाउंटंटकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नसे. त्याच्या लग्नातही ती किल्ली जानव्याला होती म्हणतात. कुलूप कुणालाही दाखवा, किल्ली कुणालाही देऊ नका, हे मला समजावून सांगायची गरज पडली नाही.

दुसरा धडा 'रूट'चा. लिनक्समध्ये रूट हा सर्वाधिकारी. तो सर्व काही पुसू शकतो आणि त्याला कुणी 'खरंच ना?' असे विचारत नाही. शहाण्या माणसाने त्या नावाने आत जायचे नाही. स्वतःसाठी एक साधे खाते काढायचे, आणि गरज पडेल तेव्हाच आज्ञेच्या आधी एक शब्द लिहून तेवढ्यापुरता अधिकार मागायचा. मॅनेजरने रोज कॅश काउंटरवर बसायचे नसते, तसेच हे.

तिसरा धडा दारांचा. अशा यंत्राला ६५,५३५ दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. आपल्याला लागतात तीन. बावीस क्रमांकाचे आपल्या ये-जा करण्यासाठी, ८० आणि ४४३ क्रमांकाची वाचकांसाठी. बाकी सारी बंद. मला ही भीती अवाजवी वाटली होती. आमच्या वाचनालयात चोरण्यासारखे काय आहे? पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत घेत मी सर्व्हरची नोंदवही उघडली आणि चहा तसाच राहिला. रात्रभर, दर काही सेकंदांनी, जगाच्या कानाकोपऱ्यातून कुणी ना कुणी दार ढकलून पाहत होते. 'रूट' आहे का? 'ॲडमिन' आहे का? 'टेस्ट' आहे का? त्यांना वाचनालय ठाऊक नव्हते, मी ठाऊक नव्हतो. ती माणसेही नव्हती, दिसेल ते दार ढकलणारी यंत्रे होती. आमच्या गावात संध्याकाळी दारे उघडी ठेवून बसायची पद्धत आहे. त्या दिवशी मला कळले की मी गावात नव्हे, जगाच्या हमरस्त्यावर खोली घेतली आहे.

पाटी चालू, खुर्ची रिकामी

आता कार्यक्रम चढवायचा. लॅपटॉपवर चालणारी गोष्ट सर्व्हरवर चालत नाही, हा या धंद्यातला पहिला नियम आहे असे भाचा म्हणतो. पायथनची आवृत्ती वेगळी, एखादे पूरक पॅकेज राहून गेलेले, फाइल लिहायची परवानगी नाही. वधू सासरी आली आणि तिथे पाण्याचे भांडे कुठे, मीठ कुठे, काहीच ठाऊक नाही, अशी अवस्था. चार रात्री मी नुसत्या चुकांचे संदेश वाचत बसलो होतो. बँकेत ताळेबंद तीन पैशांनी जुळत नसला की आम्ही रात्री दहापर्यंत बसत असू. ती सवय इथे कामाला आली.

सर्व्हरवरची व्यवस्था मला समजली ती अशी. दाराशी एक स्वागतक असतो, त्याचे नाव एनजिनएक्स. इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्याने तो २००४ साली जगाला खुला केला. आलेल्या प्रत्येकाला तो सामोरा जातो. चित्र किंवा साधी फाइल हवी असेल तर स्वतःच देऊन वाटेला लावतो. खरे काम असेल तर आतल्या कारकुनांकडे पाठवतो. हे कारकून म्हणजे आमच्या कार्यक्रमाच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती. किती ठेवायच्या याचा एक ठोकताळा आहे. यंत्राच्या प्रोसेसरची संख्या दुप्पट करा आणि त्यात एक मिळवा. माझ्या यंत्राला एकच प्रोसेसर, म्हणून तीन कारकून. आणि सर्वांत आत स्ट्राँगरूम, म्हणजे पोस्टग्रेस हा डेटाबेस. बाहेरच्या माणसाने थेट स्ट्राँगरूममध्ये जायचे नाही. हे सारे पाहून मला वाटले, अरे, ही तर आमची शाखाच आहे!

कारकून जागेवर नसले की स्वागतक '५०२' असा आकडा दाखवतो. पाटी 'चालू', खुर्ची रिकामी. हा आकडा मी इतक्या वेळा पाहिला की आता तो स्वप्नातही ओळखेन. एका संध्याकाळी अखेर सगळे जुळले. मी बाईंना फोन केला, त्यांनी वाचनालयातून पान उघडले, पुस्तक शोधले, सापडले. मी समाधानाने लॅपटॉप मिटला आणि जेवायला बसलो. पहिला घास तोंडाशी नेतो तोच फोन.

"साहेब, बंद पडलं."

लॅपटॉप उघडून पुन्हा सुरू केले. चालले. मिटला. पुन्हा फोन. तिसऱ्यांदा बाईंनीच रोगाचे निदान केले. "साहेब, तुम्ही लॅपटॉप मिटला की आपलं वाचनालय बंद होतंय."

अगदी खरे होते. मी कारकुनांना स्वतः हाक मारून उठवले होते, त्यामुळे मी खोलीतून बाहेर पडलो की तेही घरी जात. लिनक्समध्ये यासाठी सिस्टिमडी नावाचा कायमचा मुकादम असतो. त्याला लेखी आदेश द्यायचा की यंत्र सुरू झाले की यांना उठव, कुणी कोसळला तर पुन्हा उभा कर. आदेश दहा-बारा ओळींचा. तो लिहिल्यापासून मी निर्धास्त जेवतो.

उरलेल्या गोष्टी भराभर झाल्या. पत्ता घेतला. पानाच्या माथ्यावर कुलपाचे चित्र यावे म्हणून लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र घेतले. ही ना-नफा संस्था २०१५पासून ते फुकट देते. मला मिळाले ते ९० दिवसांचे होते आणि आपोआप नवे होत असे. एक गंमत मात्र सांगायला हवी. रात्री दोन वाजता नक्कल काढण्याचे काम मी लावून दिले, तर ते होई सकाळी साडेसातला. सर्व्हरचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होते. मुंबईत राहून विलायतेची वेळ पाळणारे साहेब मी बँकेतही पाहिले होते. मी घड्याळ दुरुस्त केले आणि नक्कल काढण्याच्या कामाकडे पुन्हा पाहिले नाही. तिथेच चुकलो.

वीस बाइट

ऑक्टोबर २०२३पासून बाई रोज दुपारी दाखल नोंदवही टंकलिखित करू लागल्या. पान हलक्या हाताने उलटायचे, नोंदी वाचायच्या, भरायच्या. पुरात गेलेल्या पुस्तकांच्या नोंदीही त्या भरत होत्या. मी विचारले, "जी पुस्तकं नाहीतच, त्यांची यादी कशाला?" त्या म्हणाल्या, "ज्यांनी दिली त्यांची नावं तरी राहू देत."

डिसेंबरमधली एक रात्र. साडेअकरा झाले होते. कार्यक्रमात एक सुधारणा करून मी लॅपटॉपवर तपासत होतो. तपासण्यासाठी लॅपटॉपवरचा खोटा डेटाबेस दर वेळी पुसून नव्याने भरायचा, असा माझा परिपाठ. पडद्यावर दोन काळ्या खिडक्या होत्या. एक लॅपटॉपची, एक सर्व्हरची. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. मी आज्ञा लिहिली, कळ दाबली. एक सेकंदही लागला नाही. मग माझे लक्ष ओळीच्या सुरुवातीच्या नावाकडे गेले. ते सर्व्हरचे होते.

बँकेत माझ्या हातून एकदा एका शून्याची चूक झाली होती. तेव्हा पोटात जो खड्डा पडला होता, तोच पस्तीस वर्षांनी पुन्हा पडला. पण रोजची नक्कल होती ना! मी ती उघडायला गेलो. फाइली ओळीने, तारीखवार, देखण्या उभ्या होत्या. एकही दिवस चुकलेला नव्हता. फक्त शेवटच्या १९ दिवसांची प्रत्येक फाइल बरोबर २० बाइटची होती. वीस बाइट म्हणजे काहीही नसलेले गाठोडे नीट बांधले तर त्या गाठोड्याच्या फडक्याचे जेवढे वजन होते तेवढे. आत काहीच नव्हते.

कारण साधे होते. १९ दिवसांपूर्वी भाचा मला रागावला होता. डेटाबेसचा पासवर्ड मी कार्यक्रमाच्या मजकुरातच लिहून ठेवला होता. "मामा, तिजोरीची किल्ली पासबुकात डकवून ठेवलीत!" मी लाजून तो पासवर्ड बदलला. कार्यक्रमाला नवा पासवर्ड सांगितला. नक्कल काढणाऱ्या कामाला सांगायचे राहिले. ते बिचारे रोज रात्री दारावर थाप मारी, आत घेतले जात नसे, आणि रिकामे गाठोडे बांधून ठेवून देई. तक्रार करायला त्याच्याजवळ तोंड नव्हते, कारण त्याचा निरोप कुठे पाठवायचा हे मी सांगितलेच नव्हते. भाडे देताना कंपनीने पूर्ण यंत्राची नक्कल ठेवण्याची सोय देऊ केली होती. भाड्याच्या पाचवा हिस्सा जादा. मी 'नको' म्हटले होते. महिन्याला नव्वद रुपये वाचवले होते.

भाच्याला रात्रीच फोन केला. तो रागावला नाही. त्याने मला एक गोष्ट सांगितली. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या नामवंत कंपनीच्या एका अभियंत्याने नेमके हेच केले होते. दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. एक-दोन सेकंदांत लक्षात आले, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. नकलांच्या पाच व्यवस्था होत्या; ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. त्यांचीही रोजची नक्कल आवृत्तीच्या घोळामुळे निघतच नव्हती, आणि तसे सांगणारी पत्रे वाटेतच नाकारली जात होती. कुणीतरी सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती, तिने त्यांना तारले. सहा तासांचा मजकूर मात्र गेलाच. विशेष म्हणजे कंपनीने हे सारे लपवले नाही. जगासमोर, घडत असतानाच, लिहून मांडले.

"त्या माणसाला काढून टाकलं का रे?" मी विचारले.

"नाही मामा. त्यांनी पद्धत सुधारली."

दुबार किल्ल्या

सकाळी मी बाईंसमोर उभा राहिलो. मी सांगत गेलो, त्या ऐकत गेल्या. मग त्यांनी खणातून एक शंभरपानी वही काढली. त्यात १९ दिवसांची सारी देवघेव हाताने लिहिलेली होती. "लाइट जाते ना साहेब. म्हणून मी दोन्हीकडे लिहीत होते." बँकेत यंत्र आले तेव्हा आम्ही कित्येक महिने यंत्र आणि लेजर दोन्ही चालवले होते, दोन्ही जुळल्याशिवाय लेजर मिटले नव्हते. संगणक विभागातला माणूस ते विसरला. कधीही बँकेत न गेलेली बाई विसरली नाही.

देवघेव दोन संध्याकाळींत पूर्ववत झाली. १९ दिवसांत भरलेल्या ६४० दाखल नोंदी पुन्हा भरायला घेतल्या, आणि बाईंचे भाकीत खरे ठरले. पाने एकदाच उलटणार होती. चार पानांचा भुगा झाला होता. ५८ नोंदी गेल्या. ती पुस्तके पुरात गेली होती; त्यांची नावे वहीत उरली होती; ती मी घालवली.

जानेवारीत नागपूरहून एका वृद्ध बाईंचा फोन आला. त्यांचे वडील आमच्या गावी कचेरीत कारकून होते. १९६१ साली बदली झाली तेव्हा त्यांनी अकरा पुस्तके वाचनालयाला दिली होती. "नातवानं मागं मोबाइलवर दाखवलं हो. वडिलांचं नाव होतं, सप्रेम भेट असं होतं. आज बहिणीला दाखवायला गेले तर नाव नाही. काढून टाकलंत का?"

सदतीस वर्षांच्या नोकरीत ग्राहकाला 'सिस्टिम डाउन आहे' असे मी हजारदा सांगितले असेल. त्या दिवशी म्हणालो, "बाई, चूक माझी आहे. माझ्या हातून पुसलं गेलं." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "बरं. खरं सांगितलंत."

तिसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाने माझ्या मोबाइलवर एक चित्र पाठवले. आजीला पुन्हा दाखवता यावे म्हणून त्याने त्या दिवशी पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. अकरा पुस्तके, अकरा क्रमांक, शेऱ्यासकट. आमच्या साऱ्या यंत्रणेत जी नक्कल नव्हती, ती नागपूरला एका पोराच्या खिशात होती.

बँकेत तिजोरीच्या दुबार किल्ल्या कधी त्याच शाखेत ठेवत नाहीत. त्या दुसऱ्या शाखेत ठेवतात, आणि ठरावीक मुदतीने अदलाबदल करून दोन्ही जोड चालतात ना हे पाहतात. मला हे पाठ होते, तरी सर्व्हरच्या नकला मी सर्व्हरवरच ठेवल्या होत्या. १० मार्च २०२१च्या रात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीची पाच मजली संगणक-इमारत जळून खाक झाली. माणसे वाचली. पण ज्यांनी मूळ आणि नक्कल एकाच ठिकाणी ठेवली होती, त्यांचे दोन्ही गेले. ढगालाही आग लागते. आणि पूर काय असतो हे आम्हाला कुणी सांगायला नकोच.

आता आमच्या तीन प्रती असतात. एक सर्व्हरवर, एक दुसऱ्या शहरात दुसऱ्या कंपनीकडे, आणि एक बाईंच्या कपाटात पेनड्राइव्हवर, पुराची रेघ आहे तिच्यावरच्या फळीत. नक्कल फार लहान निघाली तर मला रात्री निरोप येतो. सर्व्हरच्या खिडकीचा रंग मी लालभडक केला आहे. यंत्रनकलेचे नव्वद रुपयेही भरतो. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कवायत करतो. तासाभरासाठी एक नवे रिकामे यंत्र भाड्याने घ्यायचे, कप-बशी चहाहूनही कमी पैशांत ते मिळते. त्यावर नक्कल उघडायची. नोंदींची संख्या मोजायची, कुठल्याही दहा नोंदी वहीशी ताडून पाहायच्या, आणि यंत्र परत करायचे. मी करतो, बाई तपासतात. नंतर एका रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या. उघडून न पाहिलेली नक्कल ही नक्कल नव्हे, हे मला १९ दिवसांनी शिकवले.

सत्तेचाळीस क्रमांक अजून रिकामे आहेत. ते वगळून पुढचे क्रमांक सरकवून घ्यावेत, म्हणजे यादी अखंड दिसेल, असे कार्यकारिणीत एकाने सुचवले. मी ऐकले नाही. खोडाखोड करायची नाही, चुकीवर रेघ मारून शेजारी सही करायची, हे बँकेने शिकवले आहे. म्हणून त्या सत्तेचाळीस क्रमांकांपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे, 'नोंद नष्ट. चूक चिटणीसांची. कुणास माहिती असल्यास कळवावे.'

गेल्या वर्षभरात दोघांनी कळवले आहे. एक पत्र आले, एक आजोबा स्वतः काठी टेकत आले. पंचेचाळीस उरल्या. गेल्या रविवारी कवायत झाल्यावर बाईंनी रजिस्टर पुढे सरकवले आणि म्हणाल्या, "साहेब, जुळलं. करा सही."